भिंतीपलीकडचा रिमोट

रिमोटमधून निघणारा किरण भिंतीतून जात नाही. गोष्ट साधी, पण मागच्या खोलीत कुणी वडीलधारं माणूस अंथरुणावर असलं की ती दिवसातून वीस वेळा आडवी येते. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, स्पीकर हे सगळं आपण हॉलच्या सोयीनं बसवतो. मागच्या खोलीचा विचार मागाहून होतो.

आमचं घर शहापुरातलं, जुन्या बांधणीचं. एकामागोमाग एक खोल्या आणि दीड फुटाच्या भिंती. २०१९ च्या गणपतीनंतर माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्या बैलहोंगलच्या बाजूच्या. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं, गावी बघायला कोणी नाही. न्हाणीघर जवळ पडतं म्हणून त्यांची कॉट मागच्या खोलीत टाकली. मी त्यांना अत्ती म्हणतो. त्या मला अजूनही ‘री’ लावूनच बोलतात. लेकीच्या घरी येऊन राहणं हेच त्यांना जड गेलं होतं. त्या पिढीच्या बायका लेकीकडे पाणीसुद्धा बेतानं पितात.

टीव्हीशिवाय त्यांना दुसरा विरंगुळा नव्हता. केबलची दुसरी जोडणी घ्यायची माझी तयारी होती, पण आपल्यापायी महिन्याचा वेगळा खर्च होतोय हे कळलं तर आई टीव्हीच बंद करायला लावील, असं ही म्हणाली. आईला लेकच ओळखते. मग माळ्यावरचा जुना टीव्ही उतरवला. सेट-टॉप बॉक्सला एचडीएमआयशिवाय लाल, पिवळ्या, पांढऱ्या पिनांचीही जागा असते. तिथून चाळीस फूट वायर मागे ओढली. चित्र पोचलं, आवाज पोचला. चॅनल मात्र हॉलमध्ये असेल तेच!

आणि अत्ती मागायच्या नाहीत. ‘‘चॅनल बदली माडली?’’ म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘ब्याड बिड्री. इदऽ छलो ऐति.’’ एका दुपारी मी औषध द्यायला गेलो तर पडद्यावर शेअरबाजार चाललेला. खालच्या पट्टीवर आकडे सरकत होते आणि अत्ती उशीला टेकून ते बघत होत्या. तासभर तरी झाला असेल. ज्या बाईनं आयुष्यभर कन्नड शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं, तिनं कुठल्या कंपनीचा भाव किती घसरला हे केवळ संकोचापायी बघत बसावं, हे मला बरं वाटलं नाही. चंदना वाहिनीवरचा ‘थट् अंत हेळि’ हा डॉ. ना. सोमेश्वर यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम त्यांच्या खास आवडीचा. २००२ साली तो सुरू झाला तेव्हापासून त्या बघत आल्या. गावी असताना स्पर्धकाच्या आधी उत्तर त्यांच्या तोंडून बाहेर पडायचं. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी त्याचं नावही काढलं नव्हतं.

अशा अडचणीवर एक स्वस्त उपाय असतो. त्याला आयआर रिपीटर म्हणतात. ज्यांची यंत्रं बंद कपाटात असतात, त्यांच्यासाठी तो मुळात निघाला, पण भिंतीपलीकडेही तेवढाच चालतो. साडेआठशे रुपयांत मला काडेपेटीएवढी डबी, वायरच्या टोकाला असलेला काळा सेन्सर, दुसऱ्या वायरीच्या टोकाला तांदळाहून जरा मोठा दिवा आणि पाच व्होल्टचा चार्जर एवढा संच मिळाला. सेन्सर अत्तींच्या खोलीत, दिवा हॉलमधल्या बॉक्सच्या ‘डोळ्या’वर. मागे रिमोट दाबला की सेन्सर तो पकडतो, वायरीनं डबीकडे पाठवतो आणि डबी तोच इशारा दिव्याकडून बॉक्सपुढे पुन्हा करते.

पुतण्याचा मित्र वायरिंगची कामं करतो, त्याला बोलावलं. ‘‘होतंय की काका, त्यात काय!’’ म्हणाला. संचातली सेन्सरची वायर जेमतेम पाच फूट होती. तिला तीन पदर असतात. एक पाच व्होल्टचा, एक अर्थचा, एक इशाऱ्याचा. म्हणून जोड द्यायलाही तीन पदरांचीच वायर लागते. आम्ही हेडफोनला लावतात तसली लांब एक्स्टेन्शन वायर घेतली, म्हणजे डाग देण्याचा प्रश्नच आला नाही. आधी ओढलेल्या वायरीबरोबर त्याच केसिंग पट्टीतून ती मागे गेली. भिंतीला नवं भोक पाडावं लागलं नाही.

बॉक्सचा डोळा शोधायला मात्र वेळ लागला. काळ्या काचेसारख्या पट्टीमागे तो दडलेला असतो. टॉर्च तिरकी धरली की बारीक गोल ठिपका दिसतो. दिवा डबल टेपनं त्याच्या कडेला चिकटवावा, अगदी वर नको. नाहीतर हॉलचा रिमोट अडतो.

हे सगळं होईपर्यंत अत्ती पडल्या पडल्या ऐकत होत्या. मी त्या पोराला अवरक्त किरण म्हणजे काय ते सांगत होतो. तोच मागून आवाज आला, ‘‘अवकेंपु.’’ कन्नड शाळेतला शब्द तो. लालाच्या खालचा. आपला ‘अवरक्त’ही तेच सांगतो. मग त्यांनीच त्याला समजावलं : विल्यम हर्शेलनं १८०० साली उन्हाचे रंग लोलकातून फोडले, प्रत्येक रंगात थर्मामीटर धरला, आणि लाल संपतो त्याच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही तिथं, पारा सगळ्यांत जास्त चढला. पोरगं स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून ऐकत राहिलं. आल्यापासून त्या सलग एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांच्या हातात रिमोट आणि मोबाइल दिला. रिमोटचं टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा तो दिसत नाही, कारण तिथं असे किरण गाळणारी काच असते. रिमोटमधून किरण निघतो की नाही हे ओळखायला ही युक्ती घरोघरी उपयोगी आहे. अत्तींनी ते बटण दहा वेळा तरी दाबलं असेल.

हे किरण उन्हातही असतात, दिव्यातही असतात. मग सेन्सर फसत कसा नाही? कारण रिमोटचा दिवा नुसता पेटत नाही, सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. सेन्सर तेवढ्याच लुकलुकण्याला ओ देतो. अमेरिकेत १९५५ साली झेनिथ कंपनीनं साध्या प्रकाशाचा बिनवायरी रिमोट काढला होता, फ्लॅश-मॅटिक नावाचा. त्यात ही सोय नव्हती. खिडकीतून ऊन आलं की चॅनल आपोआप बदलायचं!

आमचं काम दुपारी तीनला झालं आणि व्यवस्थित चाललं. संध्याकाळी सातला बंद. बटण दाबावं तर कधी चालतंय, कधी नाही. डबीवरचा बारीक दिवा कुणी काही दाबलेलं नसताना फडफडत होता. कारण डोक्यावरच होतं. त्या खोलीत अजून जुना सीएफएल दिवा होता. त्याच्या आतलं सर्किटही नळीतला प्रकाश सेकंदाला काही दहा हजार वेळा फडफडवतं, म्हणजे रिमोटच्या अगदी जवळ. सेन्सर बिचारा बाजारात हाक ऐकू यावी तशा अवस्थेत. दिवा बदलून एलईडी लावला, सेन्सर खिडकीकडे पाठ करून टीव्हीच्या खालच्या अंगाला चिकटवला आणि फडफड थांबली.

मला या डबीचा एक गुण फार आवडला. ती निरोपात आपल्या पदरचं काही घालत नाही. आलेला इशारा जसाच्या तसा पुढे. आमच्या दुभाषी घरात असा निरोप्या नव्हता. अत्ती कन्नडमध्ये लेकीला काही सांगायच्या, आणि ही ते मला मराठीत सांगताना अर्धं गाळायची. कशाला नवऱ्याला त्रास, म्हणून. माझं बोलणंही तिकडे पोचताना गोड होत असणार. मला कन्नड समजतं, अत्तींना मराठी समजतं, तरी मध्ये लेक लागायचीच. ती भाषेसाठी नव्हती, भिडेसाठी होती.

केबलवाल्याकडून त्याच बॉक्सचा दुसरा रिमोट आणला. मागच्या टीव्हीचा स्वतःचा रिमोट आवाजासाठी वेगळा होता. दोन्हींची सांकेतिक भाषा वेगळी असते, त्यामुळे एकाचा हुकूम दुसरा घेत नाही. बॉक्सच्या रिमोटवर हिनं लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. चंदनाचा नंबर आणि सह्याद्रीचा नंबर मोठ्या आकड्यांत कागदावर लिहून उशाशी चिकटवला. त्या रात्री हॉलमध्ये मराठी मालिका चालू होती. ती मधेच उडाली आणि सोमेश्वर दिसू लागले. आम्ही दोघं गप्प बसलो. मागून एक उत्तर ऐकू आलं, मग दुसरं. दुसरं चुकलं, तेही ऐकू आलं.

बॉक्स एक असल्यामुळे मागे बदललं की पुढेही बदलतं. ही या व्यवस्थेतली उणीव आहे, आणि ज्यांच्या घरात माणसं जास्त आहेत त्यांनी सरळ दुसरा बॉक्स घ्यावा. आम्हाला ती उणीव २३ नोव्हेंबरला, शनिवारी कळली. कोलकात्याला बांगलादेशाबरोबर गुलाबी चेंडूची टेस्ट, कोहली शतकाजवळ. मी हॉलमध्ये पुढे सरकून बसलो होतो. आणि पडद्यावर चंदना, कुणीतरी वीणा वाजवतंय.

मी हिच्याकडे बघितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, ‘‘मला काय सांगता? तुम्हीच बोला की.’’

‘‘अत्ती, मॅच!’’ मी हॉलमधूनच ओरडलो.

मागून आवाज आला, ‘‘ऐद निमिष तडीरि!’’

शतक मी नंतर बातम्यांत बघितलं.