विश्वास वारशाने मिळतो काय?

मनुष्य मरतो तेव्हा त्याच्या मागे राहिलेल्या पुष्कळ गोष्टी त्याच्या मुलांकडे आपोआप येतात. शेत असले तर तलाठ्याच्या दप्तरात बापाचे नाव कमी होऊन मुलांची नावे चढतात. घर असले तर त्याच्या किल्ल्या थोरल्या सुनेच्या कमरेला लागतात. आणि यांपैकी काहीच नसले तरी बापाचे नाक, आईचा आवाज व आजोबांचा तापट स्वभाव हे तरी मुलांच्या वाट्यास येतातच. परंतु एक वस्तू अशी आहे की, ती वडिलांना प्राणाहून प्रिय असली तरी मृत्युपत्रात लिहून देता येत नाही. ती वस्तू म्हणजे विश्वास. मंडळीच्या नोंदवहीत मुलाचे नाव लिहिणे पाळकसाहेबांच्या हाती आहे. त्या मुलाच्या अंतःकरणावर प्रभूचे नाव लिहिणे त्यांच्या हाती नाही. मग एका पिढीचा विश्वास दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचतो तरी कसा, याचा अल्पसा विचार आम्ही या लेखात करणार आहो.

आमच्या मराठी ख्रिस्ती समाजास हा प्रश्न विशेष अगत्याचा आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे (ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात) आपले ठाणे घातले, व तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र निघू लागले. त्या काळी ज्यांनी प्रभूचा स्वीकार केला त्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढीची मुले आज शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत. पहिल्या पिढीने विश्वास मोल देऊन घेतला. त्यासाठी कोणी घर सोडले, कोणी गावच्या विहिरीस पारखा झाला, कोणी भाऊबंदांच्या पंक्तीतून उठला. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ साली झाला. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र ज्याने वाचले असेल, त्यास सत्य शोधणाऱ्या तरुणाच्या जिवाची तगमग किती असते हे सांगणे नको. दुसऱ्या पिढीस तोच विश्वास आईच्या दुधाबरोबर मिळाला. तिसऱ्या-चौथ्या पिढीस तो नाताळच्या नव्या कपड्यांसारखा मिळाला: आनंदाचा, पण न मागता आलेला!

म्हणून आता मंडळीच्या सभांतून एक तक्रार वारंवार कानी पडते. वडील मंडळी म्हणतात, “हल्लीच्या मुलांना उपासनेची गोडी राहिली नाही. नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेली की रविवार विसरतात.” मुले म्हणतात, “आम्हाला जे विचारावयाचे आहे ते कोणी विचारू देत नाही. आणि जे सांगतात ते आम्ही विचारलेलेच नसते.” शिवाय पुष्कळ मुलांचे सारे शिक्षण इंग्रजीतून होते. आजीच्या तोंडी असलेले भजन त्यांस चालीवर म्हणता येते, परंतु त्यातील निम्म्या शब्दांचा अर्थ विचारला तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु नुसत्या तक्रारीने आजपर्यंत कोणाच्या मनात विश्वास उत्पन्न झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पवित्र शास्त्र या बाबतीत मोठे निर्भीड आहे. शिलो येथील एली याजकाचे दोन पुत्र देवाच्या मंदिरातच वाढले, तेथेच जेवले, आणि तरी त्यांस परमेश्वराची ओळख नव्हती. त्याच मंदिरात शमुवेल हा परक्याचा मुलगा निजत असे. रात्री त्यास हाक ऐकू आली तेव्हा तो तीन वेळा उठून एलीकडे धावला. एलीची दृष्टी तेव्हा मंद झाली होती; परंतु ही हाक कोणाची आहे हे त्या वृद्धाने ओळखले, आणि पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यावे एवढे मुलास शिकवून त्यास परत निजावयास पाठविले. “देवाला काय म्हणावयाचे आहे ते मीच तुला सांगतो,” असे तो म्हणाला नाही. तो आपल्या अंथरुणावर राहिला आणि मुलास एकट्याने त्या आवाजापुढे जाऊ दिले. आमच्या मते वडील पिढीचे सारे काम या एका रात्रीत आले आहे. पुढे याच शमुवेलाचे पुत्रही बापाच्या मार्गाने चालले नाहीत, हेही शास्त्राने झाकून ठेवलेले नाही. रक्ताबरोबर विश्वास वाहत असता तर असे झाले नसते.

आमच्या घरी एक जाड पुठ्ठ्याचे पवित्र शास्त्र होते. त्याच्या आरंभीच्या कोऱ्या पानांवर घरातील जन्म, बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू लिहिलेले असत. शाई कोठे काळी, कोठे निळी, कोठे पुसट झालेली. पहिली नोंद आमच्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याची होती. तिच्या वर काहीही नव्हते. सर्वांच्या नावापुढे आईबापांची नावे, आणि या एकाच्या पुढे नाहीत, हे पाहून आम्ही लहानपणी आजीस विचारले, “आजी, पणजोबांना आईबाप नव्हते का ग?” आजी तेव्हा बाजरी पाखडीत होती. तिने सूप खाली ठेवले. “होते की, बाळ. ज्या दिवशी ते ख्रिस्ती झाले त्या दिवशी त्यांच्या आईने त्यांच्या नावाने आंघोळ केली.”

जिवंत मुलाच्या नावाने आंघोळ करणे म्हणजे काय, हे आम्हास तेव्हा कळले नाही. आजीने ते समजावून सांगितले. पुढे ती म्हणाली, “पण आंघोळ करून का कोणाचे पोर मरते? दर दिवाळीस ती माउली शेजारणीच्या हाती करंज्या पाठवी आणि माझे नाव सांगू नको म्हणे. ते त्या करंज्या समोर ठेवून आधी प्रार्थना करीत आणि मग रडत.” आजी रोज रात्री प्रार्थनेत घरच्या माणसांची नावे घेत असे, आणि त्यांच्या शेवटी ‘त्या माउलीसाठी’ एवढे दोन शब्द म्हणत असे. ती माउली कोण, हे आम्हास त्या दिवशी कळले. पणजोबांना टाकणाऱ्या त्या बाईविषयी आमच्या घरात कधी कडू शब्द निघाला नाही. उलट तिच्यासाठी तीन पिढ्या प्रार्थना चालली होती. शब्बाथशाळेत आम्ही प्रीतीविषयीची वचने घडघडा म्हणून दाखवीत असू. त्या वचनांचा अर्थ मात्र सुपाशेजारी बसून प्रथम ध्यानी आला. शेवटी आजी म्हणाली, “त्यांचे त्यांनी केले. मी माझे केले. तुला देवाला काय सांगायचे ते तुझे तुलाच सांगावे लागेल, बाळ. ते मला सांगता यायचे नाही.” तिने एलीची गोष्ट ऐकली होती खरी; परंतु त्या वेळी तिच्या मनात एली नसावा, नातूच असावा.

आता आमच्यासारख्या सामान्य घराची गोष्ट सोडून सर्व महाराष्ट्रास ठाऊक असलेल्या एका घराकडे वळू. कविवर्य नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर त्या वार्तेने आकाश कोसळले. नवऱ्यामागून बायकोने निमूटपणे जावे असा तो काळ. तरी लक्ष्मीबाई धर्माच्या बाबतीत नवऱ्यामागून गेल्या नाहीत. पुढे त्या पतीच्या घरी राहावयास आल्या, तरी आपला आचार त्यांनी काही काळ वेगळाच ठेवला. जातिभेद मनुष्याने केला की देवाने, हा प्रश्न त्यांनी आपल्याच मनाला विचारला, आणि त्याचे उत्तर आपल्याच मनाकडून मिळाल्यावर, म्हणजे १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांसारख्या वाणीच्या धन्यासही आपला विश्वास स्वतःच्या घरात पाच वर्षे केवळ वाट पाहूनच देता आला, हे आम्ही विसरू नये.

आणि या वाट पाहण्याचे फळ किती मोठे! टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य लिहावयास घेतले. १९१९ साली ते निवर्तले तेव्हा त्याचे दहा-साडेदहा अध्यायच झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, जिला अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिली, तिने नवऱ्याचे अपुरे काव्य पुरे केले! पुढे त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी आईस जुन्या आठवणी लिहून देण्याविषयी विनविले. मुलाच्या त्या मागणीतून ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आली. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या, आणि कालांतराने त्याच पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी सिद्ध केली. पतीकडून पत्नीकडे, आईकडून मुलाकडे, आजीकडून नातवाकडे असा हा प्रवास आहे. मुलाने मागितले नसते तर ते पुस्तक आपल्या हाती आले असते किंवा नाही, कोण सांगेल?

याहून तीनशे वर्षे मागे गेले तरी हेच दिसून येते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेजुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक नवा ख्रिस्ती मनुष्य पाद्रीबाबांस विनवितो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी आम्हास वाचावयास दुसरे काही द्या. या मागणीचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा तो ग्रंथ. तो १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापला गेला, व पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ वाचला. कसा? लोकांनी तो हातांनी नकलून काढला व घरोघरी जपून ठेवला, म्हणून. अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली तो मंगळूर येथे पुन्हा छापता आला. छापलेली प्रत नाहीशी झाली आणि कोणी तरी रात्री दिव्यापाशी बसून उतरून घेतलेली प्रत टिकली, यात आम्हास मोठा बोध दिसतो. जे नुसते हाती दिले गेले ते हरवले. जे घेणाऱ्याने ओवी ओवी करून स्वतः लिहून घेतले ते राहिले.

इस्राएल लोक यार्देन ओलांडून आले तेव्हा यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणवून गिलगाल येथे उभे केले. कशासाठी? पुढे मुले विचारतील की हे धोंडे कसले, तेव्हा बापांनी त्यांस सांगावे म्हणून. मुलांनी विचारावे अशी सोय वडिलांनी करून ठेवली. धोंडे मुलांच्या डोक्यावर ठेवले नाहीत! आपल्या घरांतही असे धोंडे असावेत. शास्त्राच्या पानावरील एखादी नोंद असो, स्वयंपाकाच्या आधी देवाच्या नावाने बाजूला काढलेली मूठभर बाजरी असो, किंवा भांडण झालेल्या शेजाऱ्याकडे नाताळच्या सकाळी आधी जाणारे फराळाचे ताट असो. मूल एक ना एक दिवस विचारतेच. त्या दिवशी वडिलांनी रागावू नये, व घाईही करू नये. विश्वासाची किंमत काय पडली ते सांगावे, ती कोणाकोणास द्यावी लागली तेही सांगावे. आणि मुलाच्या भाषेत सांगावे. भजनातील अवघड शब्दाचा अर्थ सांगण्यास अर्धी घटका पुरते; तो न सांगितल्यास सारे भजन हातचे जाते.

विद्यार्थी-बंधुभगिनींनो, आमचे म्हणणे शेवटी तुमच्यापाशी येऊन थांबते. या शाळेत तुम्ही सर्व एका धर्माचे नाही, आणि प्रत्येकाच्या घरी आजी-आजोबांनी जपलेले काही ना काही आहेच. म्हणून हे दोन शब्द सर्वांसाठीच आहेत. वडिलांचा विश्वास जुना म्हणून टाकू नका, आणि वडिलांचा म्हणून न पारखता मिरवूही नका. सुटीत घरी जाल तेव्हा आजीजवळ बसा आणि तिला विचारा. तिची दृष्टी एलीप्रमाणे मंद झाली असेल, पण हाक कोणाची हे तिला अजून ओळखता येते. विचारण्यास उशीर मात्र करू नका. कारण उत्तर देणारी माणसे कायमची राहत नाहीत.

पौलाने तीमथ्यास लिहिताना त्याच्या आजीच्या, लोईसच्या, आणि आईच्या, युनीकेच्या, विश्वासाची आठवण केली आहे. पण तेथेच न थांबता स्वतःस मिळालेले कृपादान चेतविण्यास त्याने त्यास सांगितले आहे. जुन्या घरांत चुलीतील निखारा रात्री राखेखाली झाकून ठेवीत. तो सकाळपर्यंत टिके तो झाकणाऱ्या हातामुळे. परंतु उठून कोणी फुंकर घातल्यावाचून चूल कधी पेटत नसे. तुमच्या घरी निखारा झाकून ठेवलेला आहे. प्रभू तुम्हास वेळेवर उठण्याची बुद्धी देवो, हीच आमची प्रार्थना.