समाधानाची प्रश्नपत्रिका

उर्दूत बवासीर, मराठीत मूळव्याध. भाषा कोणतीही असो, बायका हा शब्द कुजबुजूनच उच्चारतात. मी आमगावात राहते, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दिवसभर उभे राहायचे, स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी कमी प्यायचे, आणि आमचा भाग धानाचा, म्हणून दोन्ही वेळा भात. कितीतरी शिक्षिकांचे दिवस असेच जातात. त्यातून बद्धकोष्ठ होते आणि पुढे हे दुखणे मागे लागते.

माझा आजार तिसऱ्या टप्प्यात होता. मोड बाहेर येत आणि हाताने आत सारावे लागत. नागपूरला लेसरने उपचार झाले. भूल देऊन एका बारीक तंतूतून किरण मोडाच्या आत सोडतात. त्या उष्णतेने मोडातला रक्तपुरवठा कमी होतो आणि तो हळूहळू आक्रसतो. मिलिगन आणि मॉर्गन या लंडनच्या डॉक्टरांनी 1937 साली मोड कापून काढण्याची पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. तिच्या मानाने लेसरनंतर सुरुवातीला वेदना कमी होतात आणि माणूस लवकर कामाला लागतो. माझेही तसेच झाले. दुसऱ्या दिवशी घरी आले. आठवडाभर थोडी सूज, थोडे रक्त. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसायचे, रात्री इसबगोल घ्यायचे. दहाव्या दिवशी मी वर्गात होते.

पुढच्या तपासणीच्या वेळी हाती एक फॉर्म आला. वेदना किती? परिचारिकांची वागणूक कशी? खोली स्वच्छ होती का? मी मनापासून पैकीच्या पैकी गुण दिले. पण बी.एड.ला मूल्यमापन शिकल्यापासून एक सवय जडली आहे. प्रश्नपत्रिका पाहिली की काय विचारले नाही, तिकडे आधी लक्ष जाते. नमाजात अत्तहियातला निवांत बसता येते का? गोंदियाच्या गाडीत बाकावर टेकता येते का? शाळेत आता पोटभर पाणी पिता का? घरातल्या मुलींना या आजाराचे नाव सांगितले का? यातले काहीच तिथे नव्हते. वर्षभराने पुन्हा विचारू, असेही कुठे लिहिलेले नव्हते.

खरी परीक्षा तर वर्षभरानेच असते. कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा लेसरनंतर मोड पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक दिसते. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या मुसा बिन मैमून या हकिमांनी बवासीरवर अरबीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांचा भर आहारावर होता. शस्त्रक्रियेबाबत ते सावध होते, कारण मूळ कारण राहिले तर मोड पुन्हा येतील, असे त्यांचे म्हणणे. लेसर मोड आटवतो. ताटातला भात आणि शाळेतले स्वच्छतागृह बदलणे त्याच्या हाती नाही.

मी बरी झाल्याचे कळल्यावर शेजारची एक बाई संध्याकाळी आली आणि दार लोटून हळूच म्हणाली, "बाजी, मलाही रक्त पडते." रक्त दरवेळी मूळव्याधीचेच असते असे नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचेही ते लक्षण असू शकते. म्हणून दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. तिची मूळव्याध पहिल्या टप्प्यातली निघाली. पाणी, पालेभाज्या आणि थोडे औषध एवढ्यावर भागले. परतताना गाडीत ती मोठ्याने बोलत होती, आणि तो शब्दही तिने नेहमीच्या आवाजात उच्चारला.