चौरस्ता आणि बाजारपेठ

१९४९ च्या जानेवारी महिन्यात नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एका अभिनव उपक्रमास प्रारंभ झाला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांतून रात्री टपालाच्या थैल्या घेऊन विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि उजाडेपर्यंत ही विमाने आपापल्या शहरी परतलेली असत. मुंबईच्या पेढीवरून सायंकाळी पाठविलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या हाती पडू लागले. तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी आग्रहाने सुरू केलेल्या या योजनेस जे. आर. डी. टाटा यांच्यासारख्या जाणकाराचा विरोध होता. तरीही योजना चालली आणि दोन दशकांहून अधिक काळ टिकली. या विमानांतून प्रवासीही जात, आणि मध्यरात्री नागपुरात विमान बदलून पुढच्या शहराची वाट धरत.

या योजनेमागील गणित साधे होते. चार शहरे परस्परांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. सर्वांनी एका मध्यवर्ती ठिकाणी यायचे ठरविले तर चार मार्गांत तेच काम होते. शहरे दहा झाली तर थेट मार्ग पंचेचाळीस, मध्यवर्ती ठिकाणाहून मात्र केवळ दहा. अकरावे शहर जोडताना एकच नवा मार्ग सुरू करावा लागतो आणि दहा नव्या जोड्या हाती येतात. आज ज्याला ‘हब’ म्हणतात त्या विमानतळाचे सारे अर्थशास्त्र या हिशेबात सामावलेले आहे. अमेरिकेतील मेम्फिस शहरातून फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने १४ विमाने आणि २५ शहरे घेऊन याच पद्धतीने रात्रीची पार्सलसेवा सुरू केली ती एप्रिल १९७३ मध्ये. नागपूरने ही पद्धत तिच्या चोवीस वर्षे आधी अनुभवली होती.

मग मेम्फिस जगाच्या मालवाहतुकीचे केंद्र झाले आणि नागपूर का झाले नाही? नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, शून्य मैलाचा दगड येथे आहे, युरोप आणि आग्नेय आशिया यांच्या दरम्यान उडणारी कितीतरी विमाने याच आकाशातून जातात; म्हणून एक दिवस हे शहर आपोआप हवाई वाहतुकीचे केंद्र होईल, असा विश्वास दोन पिढ्या बाळगला गेला आहे. इतवारी आणि गांधीबागेतील अनेक व्यापारी कुटुंबांनी या विश्वासापोटी वर्धा मार्गावर भूखंडही घेऊन ठेवले. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा उरत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सिंगापूर, क्वालालंपूर आणि बँकॉक या तीन शेजाऱ्यांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

या तिन्ही शहरांचे भौगोलिक स्थान जवळपास सारखेच आहे. युरोप आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधील वाटेवर तिन्ही येतात, भारत आणि अतिपूर्व यांच्यामधील वाटेवरही येतात. सिंगापूर आणि क्वालालंपूर यांच्यात तर विमानाने तासाभराचे अंतर. १९७२ पर्यंत या दोन देशांची विमान कंपनीही एकच होती. मलेशियाला देशांतर्गत मार्गांचे जाळे वाढवायचे होते, सिंगापूरला परदेशी मार्गांचे. मतभेद झाले आणि वाटणी झाली. वाटणीत सिंगापूरच्या पदरी देशांतर्गत असा एकही मार्ग आला नाही, कारण त्या बेटावर दुसरे शहरच नव्हते. दुसऱ्या देशांचे प्रवासी आपल्या दारी आणणे आणि पुढे पोचविणे, एवढा एकच धंदा या कंपनीसाठी उरला.

हा धंदा सिंगापूरने कसा केला? १९८१ मध्ये चांगी विमानतळ सुरू झाला. त्यासाठी लागणारी बरीचशी जमीन समुद्रात भर घालून तयार करावी लागली होती. विमाने एकामागून एक येतील, तासा-दोन तासांत प्रवासी आणि सामान एका विमानातून दुसऱ्यात जाईल आणि तीच विमाने पुन्हा निघतील, असे वेळापत्रक बसविले गेले. प्रवाशाचे सामान हरवले तर दोष विमान कंपनीला लागतो, पण तो प्रवासी पुढच्या वेळी विमानतळही बदलतो, हे तेथील प्रशासनाने ओळखले होते. २०१९ मध्ये चांगीवरून सुमारे ६ कोटी ८३ लाख प्रवासी गेले-आले. देशाची लोकसंख्या तेव्हा साठ लाखांच्याही आत होती. आधी कळविले तर विमानात जैन भोजनही मिळते, ही बाब बाहेरच्याला किरकोळ वाटेल. कोणत्या गिऱ्हाइकाला काय चालत नाही हे ज्या दुकानदाराला ठाऊक असते त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

मलेशियाने १९९८ मध्ये क्वालालंपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर सेपांग येथे नवा विमानतळ उभारला. त्यासाठी सुमारे दहा हजार हेक्टर जमीन राखून ठेवली गेली. जागा भरपूर होती, इमारत देखणी होती आणि शुल्कही सिंगापूरपेक्षा कमी होते. तरीही काही मोठ्या युरोपीय कंपन्यांनी तेथील सेवा आवरती घेतली; ब्रिटिश एअरवेज २००१ मध्ये गेली ती २०१५ मध्ये परतली. मलेशियाची राष्ट्रीय विमान कंपनी वर्षानुवर्षे तोट्यात राहिली आणि २०१४ मधील दोन भीषण दुर्घटनांनी ती पार खचली. त्याच शहरात टोनी फर्नांडिस यांनी २००१ मध्ये केवळ एक रिंगिट देऊन, पण डोईजड कर्जासह, एअरएशिया ही कंपनी घेतली आणि स्वस्त प्रवासाचे मोठे साम्राज्य उभे केले. मात्र तिचा भर एका शहरातून दुसऱ्या शहरी थेट नेण्यावर होता. प्रवासी शुल्कावरून विमानतळ कंपनी आणि एअरएशिया यांच्यातील वाद न्यायालयापर्यंत गेला. घरमालक आणि मुख्य भाडेकरू यांचे पटत नसेल तर पेठ कशी फुलणार?

बँकॉकचा मार्ग आणखी निराळा. २००६ मध्ये सुवर्णभूमी विमानतळ सुरू झाला आणि लवकरच तोही अपुरा पडू लागला; जुना डॉन मुआंग पुन्हा वापरात आणावा लागला. तेथील राष्ट्रीय कंपनी थाई एअरवेज मात्र २०२० मध्ये दिवाळखोरी न्यायालयाच्या देखरेखीखाली पुनर्रचनेत गेली. कंपनी अडचणीत आणि विमानतळ भरलेला, हे कसे घडले? कारण बँकॉकला येणारे बहुसंख्य लोक विमान बदलण्यासाठी येत नाहीत. ते बँकॉकलाच येतात. कोणी पर्यटनाला, कोणी उपचारांना, तर कोणी रत्नांच्या खरेदीला. जव्हेरी कुटुंबांना ती वाट चांगली परिचयाची आहे. जे शहर स्वतःच मुक्कामाचे ठिकाण आहे, त्याला हब होण्याची फारशी गरजच उरत नाही.

तीन शेजारी, एकच भूगोल आणि तीन निरनिराळे परिणाम. भूगोल निर्णायक असता तर तिघांची स्थिती सारखीच असती. हब म्हणजे नकाशावरचा बिंदू नव्हे. आपली विमाने, आपले वैमानिक आणि आपले भांडवल एकाच ठिकाणी गुंतविणारी विमान कंपनी, आणि तिच्या वेळापत्रकाला सांभाळणारा विमानतळ, यांची ती दीर्घकाळची भागीदारी असते. ही भागीदारी टिकविण्यासाठी पत लागते. २०२० मध्ये जगाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा देशांतर्गत मार्ग नसलेल्या सिंगापूर एअरलाइन्सची जवळजवळ सर्व विमाने जमिनीवर आली. त्या वेळी सिंगापूर सरकारच्या मालकीच्या टेमासेक या गुंतवणूक संस्थेने १५ अब्ज सिंगापुरी डॉलरपर्यंतच्या भांडवल उभारणीस पाठबळ दिले. पेढी वाचली ती संकटाआधी राखलेल्या गंगाजळीमुळे.

आणि एवढे करूनही कोणतेही हब कायमचे सुरक्षित नसते. ऑस्ट्रेलियाच्या क्वान्टास कंपनीने २०१३ मध्ये लंडनच्या वाटेवरचा सिंगापूरचा थांबा सोडून दुबई जवळ केली. २०१८ मध्ये ती पुन्हा सिंगापूरला आली. त्याच वर्षी पर्थहून लंडनला आणि सिंगापूरहून न्यूयॉर्कला थेट विमाने उडू लागली. विमानाचा पल्ला वाढला की मधल्या थांब्याची गरज घटते. नागपूरच्या रात्रीच्या टपालावरही हीच वेळ आली होती. डकोटासारख्या विमानांच्या काळात मध्यवर्ती थांबा सोयीचा होता. जेट विमाने आली, महानगरांमधील थेट सेवा वाढल्या आणि सोनेगावची मध्यरात्र शांत झाली. ती विमाने नागपूरची नव्हती. ती येथे भेटत आणि निघून जात. ज्या तांड्याचे घर गावात नसते, त्याने वाट बदलली की गावाच्या हाती काही उरत नाही.

नागपूरने पुन्हा तोच प्रयत्न मिहान प्रकल्पाच्या रूपाने केला. त्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्राचा आराखडा तयार झाला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही यांसारख्या गावांतील जमिनी त्यात गेल्या. मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी तेथील शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. दुसरी धावपट्टी आराखड्यावरच राहिली. विमानतळाच्या खासगीकरणाची निविदा २०१९ मध्ये जीएमआर समूहाला मिळाली, २०२० मध्ये ती रद्द झाली. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय दोन्हीकडे निकाल कंपनीच्या बाजूने लागला, आणि सवलत करार प्रत्यक्षात आला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्याच महिन्यात सुमारे ७,००० कोटी रुपयांच्या विस्तारीकरणाची पायाभरणी झाली. या पाच वर्षांत जग थांबले नव्हते. चांगीच्या पाचव्या टर्मिनलचे काम २०२५ मध्ये सुरू झाले. त्या एका टर्मिनलची क्षमता वर्षाला पाच कोटी प्रवाशांची असणार आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

मात्र मिहानच्या खात्यात नुसता खर्चच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोइंग कंपनीने येथे विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र बांधून दिले आणि २०१५ मध्ये ते एअर इंडियाकडे आले. बोइंग ७८७ विमानाच्या तळभागात बसणाऱ्या तुळया टाटा समूहाच्या कारखान्यात येथेच तयार झाल्या. दसॉ-रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन विमानांचे भाग बनतात, आणि फाल्कन २००० हे संपूर्ण विमान येथे जोडण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली आहे. या उद्योगांना मध्यवर्ती स्थान, मोकळी जमीन आणि प्रशिक्षित तरुण मनुष्यबळ या तिन्ही गोष्टींचा उपयोग आहे. प्रवाशांची अदलाबदल करणारे चौक जगात अनेक आहेत. त्यांच्यात स्पर्धा तीव्र आहे आणि नफा तोकडा. दुरुस्तीसाठी आलेले विमान मात्र येथे दिवसेंदिवस मुक्काम करते, आणि त्याच्यामागे अभियंत्यापासून खानावळीपर्यंत अनेकांचा चरितार्थ चालतो.

नागपूरकर प्रवाशाचाही विचार याच दृष्टीने व्हावा. आज दोहा आणि शारजा येथे थेट विमाने जातात, म्हणजे नागपूर दुसऱ्यांच्या हबला जोडलेले आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पूर्वी वऱ्हाडच्या कापसाचा भाव मुंबईत ठरे, तरी येथील जिनिंग-प्रेसिंगच्या मालकांनी आणि अडत्यांनी उत्तम व्यवसाय केला. मोठ्या पेठेशी नियमित आणि भरवशाचा संबंध असणे, हीसुद्धा संपत्तीच आहे. पूर्वेकडे, सिंगापूर किंवा बँकॉककडे, असा रोजचा भरवशाचा दुवा मिळाला तर औषधे, यंत्रभाग आणि संत्री यांच्या व्यापाऱ्यांना त्याचा लाभ ‘हब’ या बिरुदापेक्षा अधिक होईल.

मिहानच्या परिसरात भूखंड दाखविणारे लोक नकाशाही दाखवितात आणि देशाच्या मध्यबिंदूवर बोट ठेवतात. व्यापारी कुटुंबातील जाणत्यांनी त्या वेळी एकच प्रश्न विचारावा: किती विमाने येथे रात्री मुक्कामाला असतात, आणि त्यांचे वैमानिक, कर्मचारी, अभियंते यांची घरे कोठे आहेत? ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळेल, त्या दिवशी भाव योग्य आहे की नाही ते ठरविता येईल. तोपर्यंत कर्ज काढून मध्यबिंदू विकत घेऊ नये. आणि ज्यांनी या स्वप्नासाठी आपली शेते दिली त्या शिवणगावच्या घरांतील मुलांना येथील कार्यशाळांत काम मिळते का, याचाही हिशेब त्याच वहीत मांडावा. जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही.