वायमार आणि शाकुंतलाचा पांचवा अंक

गटे हा जर्मन महाकवि शाकुंतल वाचून इतका हर्षभरित झाला कीं तें पुस्तक डोक्यावर घेऊन तो नाचूं लागला, ही गोष्ट ज्यानें ऐकली नाहीं असा विद्यार्थी महाराष्ट्रांत विरळा. मीं ती माझ्या गुरुजींच्या तोंडून ऐकली आणि पुढें तीस वर्षें माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली. शाळेच्या नेमणुकींत शाकुंतलाचा एखादा वेंचाच असे. परंतु ज्यांना गोडी होती अशा आठदहा मुलांना मी रविवारीं सकाळीं घरीं बोलावून सबंध नाटक शिकवीत असें. पांचव्या अंकांत दुष्यंत भरसभेंत शकुंतलेला ओळख देत नाहीं, त्या ठिकाणीं माझा कंठ दरवर्षीं दाटून येई. आणि तो दाटून येतो याचा मला, खरें सांगावयाचें तर, थोडासा अभिमानहि वाटे. ज्याचें हृदय काव्यानें द्रवतें तो मनुष्य वाईट असूं शकत नाहीं, अशी तेव्हां माझी बालंबाल खात्री होती.

गेल्या आश्विनांत ह्या समजुतीची परीक्षा झाली. माझा पुतण्या जर्मनींत येना या गांवीं नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून मी महिनाभर तिकडे जाऊन राहिलों. वायमार तेथून आगगाडीनें पंधरावीस मिनिटांच्या अंतरावर. पुतण्या म्हणाला, "काका, बर्लिन, म्युनिक मागाहून पाहूं. आधीं तुमच्या त्या नाचणाऱ्या कवीचें गांव पाहूं."

वायमार हें इल्म नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं वसलेलें आहे. आजची वस्ती पासष्ट हजारांच्या आसपास; गट्याच्या काळीं ती सहा हजारांच्या घरांत होती. सम्राटाच्या निवडणुकींत मत देण्याचा मान ज्या थोड्या राजांना असे, त्यांपैकीं सॅक्सनीचा योहान फ्रीडरिख हा १५४७ सालीं सम्राटाशींच युद्ध करून हरला. त्याचें विटेनबर्ग गेलें, तो मानहि गेला, आणि कैदेंतून सुटल्यावर १५५२ सालीं त्यानें वायमारला गादी मांडली. तेव्हांपासून १९१८ च्या नोव्हेंबरांत शेवटच्या ग्रँड ड्यूकानें गादी सोडीपर्यंत हें राजनिवासाचें गांव होतें. राज्य लहान, फौज नांवापुरती. तेव्हां मोठेपणा मिळवावयाचा तो विद्येच्या आणि कलेच्या जोरावर, हें येथील राजांनीं लवकर ओळखलें. क्रानाख हा थोर चित्रकार येथेंच वारला. त्यानें आरंभिलेलें आणि त्याच्या मुलानें १५५५ सालीं पुरें केलेलें भव्य चित्र गांवच्या मुख्य देवळांत आहे. संगीतकार बाख येथें १७०८ पासून १७१७ पर्यंत चाकरीस होता. त्यानें दुसरीकडे जाण्याची परवानगी जरा हट्टानें मागितली, तेव्हां ड्यूकानें त्याला सुमारें महिनाभर अटकेंत ठेवलें. गुणग्राहक दरबाराची ही दुसरी बाजू मीं त्या वेळीं हंसून सोडून दिली.

वायमारचा खरा भाग्योदय एका विधवेनें केला. आन्ना आमालिया ही प्रशियाच्या फ्रेडरिक राजाची भाची. सोळाव्या वर्षीं लग्न होऊन ती येथें आली आणि १७५८ सालीं, अठराव्या वर्षीं, विधवा झाली. थोरला मुलगा आठ महिन्यांचा, धाकटा अद्याप जन्मावयाचा. १७५९ पासून १७७५ पर्यंत तिनें मुलाच्या नांवें राज्य चालविलें, आणि त्याला शिकविण्यासाठीं वीलांड या विद्वान् कवीला बोलावून आणलें. तिनें जुन्या राजवाड्यांपैकीं एक वाडा ग्रंथालयासाठीं मोकळा करविला. त्याचा तो लंबवर्तुळाकार दिवाणखाना, शुभ्र खांब, सोनेरी वेलबुट्टी आणि तीन मजले उंच चढत गेलेलीं पुस्तकें पाहून माझ्यासारख्या मास्तराची मान आपोआप लवली. २००४ च्या २ सप्टेंबरच्या रात्रीं ह्या ग्रंथालयास आग लागली. नोकरांनीं व गांवकऱ्यांनीं रांगा करून हातोहात पुस्तकें बाहेर काढलीं. तरी सुमारें पन्नास हजार ग्रंथ जळाले आणि बासष्ट हजार आगीनें व पाण्यानें बिघडले. २००७ सालीं वास्तु पुन्हां उघडली; करपलेलीं पानें एकेक करून सांधण्याचें काम त्यानंतरहि चालूं राहिलें. जें गांव पुस्तकांसाठीं रात्रीं रस्त्यावर धांवतें तें गांव किती सुसंस्कृत, असें मीं पुतण्याला म्हटलें. तो कांहीं बोलला नाहीं.

१७७५ सालीं आन्ना आमालियेचा मुलगा कार्ल आउगुस्ट वयांत आला. त्यानें सव्वीस वर्षांच्या गट्याला आमंत्रण दिलें आणि तो जो आला तो १८३२ सालीं मरेपर्यंत येथेंच राहिला. तो दरबारचा नुसता कवि नव्हता; मंत्री होता. रस्ते, खाणी, खजिना, नाट्यगृह अशीं अनेक खातीं त्यानें सांभाळलीं. नदीकांठच्या बागेंतील त्याचें पहिलें घर टुमदार आहे. गांवांतील दुसरें चांगलें मोठें, पुतळ्यांनीं आणि चित्रांनीं भरलेलें. परंतु मागच्या बाजूची त्याची लिहिण्याची खोली आपल्याकडील एखाद्या शास्त्र्याच्या बैठकीइतकी साधी आहे, आणि तिच्याशेजारच्या चिंचोळ्या खोलींतील आरामखुर्चींत त्यानें प्राण सोडला. हेर्डर १७७६ सालीं धर्माधिकारी म्हणून आला. शिलर १७९९ सालीं येऊन राहिला. नाट्यगृहापुढें गटे आणि शिलर ह्यांचा जोडपुतळा १८५७ पासून उभा आहे. शिलर उंचीनें पुष्कळ अधिक होता. शिल्पकारानें मैत्रीच्या मानासाठीं दोघांना सारखें केलें आहे.

आतां त्या नाचाविषयीं. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८९ सालीं कलकत्त्यास शाकुंतलाचें इंग्रजी भाषांतर छापलें. त्यावरून गेओर्ग फोर्स्टर यानें १७९१ सालीं जर्मन भाषांतर केलें आणि तें गट्याच्या हातीं पडलें. गट्यानें त्याच वर्षीं शाकुंतलाचा गौरव करणाऱ्या चार ओळी लिहून छापल्या. हेर्डरनें पुढें त्या भाषांतराच्या दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना जोडली. फाउस्ट नाटकाच्या आरंभीं जो नाट्यगृहांतील प्रवेश आहे तो आपल्या सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरून सुचला असें पंडित मानतात. इतकें सारें खरें आहे. पुस्तक डोक्यावर घेऊन तो नाचला ह्याला मात्र कसलाहि आधार नाहीं. मला थोडें वाईट वाटलें. पण चार ओळी नाचापेक्षां मोठ्या, असें मीं मनाचें समाधान केलें.

त्या रात्रीं येन्यास परतल्यावर पुतण्यानें एक जर्मन पुस्तक काढलें आणि त्यांतील एक प्रकरण मला तोंडीं उतरवून सांगितलें. १७८३ सालीं वायमारच्या राज्यांत जोहाना ह्योन नांवाची एक अविवाहित मोलकरीण होती. तिनें गुपचुप प्रसूत होऊन भयानें आपलें मूल मारलें. अशा अपराधाला देहांत शिक्षा असावी कीं नसावी असा प्रश्न ड्यूकानें आपल्या मंत्र्यांपुढें ठेवला. त्याचा स्वतःचा कल शिक्षा सौम्य करण्याकडे होता. दोघां मंत्र्यांनीं देहांत शिक्षा कायम ठेवावी असें मत दिलें, आणि तिसऱ्या मंत्र्यानें, म्हणजे गट्यानें, आपणहि तसेंच म्हणतों असें लिहून दिलें. त्या नोव्हेंबरांत तिचा तरवारीनें शिरच्छेद झाला. आणि ह्याच कवीनें त्यापूर्वींच फाउस्टाच्या पहिल्या खर्ड्यांत, फसवणूक झाल्यामुळें आपलें मूल मारणाऱ्या ग्रेटखेनचें दुःख असें लिहिलें होतें कीं वाचणाऱ्याचें काळीज फाटावें! आठ वर्षांनीं तो शकुंतलेवर मोहित झाला. राजानें टाकलेली गर्भवती त्याला पुस्तकांत दिसली; दारांतली दिसली नाहीं.

मला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुतण्या मला वायमारमागील डोंगरावर घेऊन गेला. एटर्सबर्ग हें त्याचें नांव. गांवापासून अंतर सुमारें अडीच कोस. ह्याच डोंगराच्या उतरणीवर १७७६ च्या फेब्रुवारींत गट्यानें मनःशांति मागणारी एक छोटी प्रार्थनाकविता लिहिली. १९३७ च्या जुलैंत नाझी सरकारनें तेथील बीच वृक्षांचें रान तोडून बंदिवानांची छावणी उभारली. तिला आरंभीं डोंगराचेंच नांव द्यावयाचें होतें. पण गांवांतील नाझी संस्कृति-मंडळानें हरकत घेतली कीं हें नांव गट्याच्या स्मृतीशीं निगडित आहे, तें छावणीला देऊं नये! हरकत मान्य झाली आणि छावणीचें नांव बुखेनवाल्ड, म्हणजे बीचवन, असें ठेवलें. ह्या रसिकांना छावणी खुपली नाहीं; नांव खुपलें.

आठ वर्षांत तेथें सुमारें दोन लक्ष ऐशीं हजार माणसें कोंडलीं गेलीं. त्यांपैकीं छपन्न हजार मेलीं. रान तोडतांना एक ओकचा वृक्ष राखला होता. कैदी त्याला गट्याचा ओक म्हणत. १९४४ च्या विमानहल्ल्यांत तो जळाला. बुंधा अद्याप आहे. शिलरच्या घरांतील सामान युद्धांत सुरक्षित ठेवावयाचें म्हणून त्याच्या हुबेहूब नकला ह्याच कैद्यांकडून करवून घेतल्या. छावणीच्या लोखंडी फाटकावर "ज्याचें त्याला" अशा अर्थाचीं अक्षरें आहेत. रोमन धर्मशास्त्रांतील हें न्यायाचें सूत्र आंतून वाचतां येईल असें बसविलें आहे, म्हणजे कैद्यांनीं तें रोज वाचावें. १९४५ च्या ११ एप्रिलला छावणी सुटली. पांच दिवसांनीं अमेरिकन सेनापतीच्या हुकुमानें वायमारचे सुमारें हजार नागरिक तेथें पायीं नेऊन त्यांना सारें दाखविण्यांत आलें. आम्हांला ठाऊक नव्हतें, असें पुष्कळजण म्हणाले. पुढें रशियनांनीं १९५० पर्यंत तीच जागा तुरुंग म्हणून वापरली आणि आणखी सात हजारांवर माणसें तेथें मेलीं.

मोकळ्या चौकांत जमिनींत एक धातूची पाटी बसविली आहे. ती बाराही महिने सदतीस अंश, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी, उष्ण ठेवतात. त्या दिवशीं वारा बोचरा होता. मीं वांकून पाटीवर हात ठेवला, आणि पस्तीस वर्षांपूर्वींचा एक हात मला आठवला.

माझी धाकटी चुलत बहीण सासरचा छळ सोसवेना म्हणून एके दिवशीं तिन्हीसांजा आमच्या वाड्यांत निघून आली. कडेवर वर्षाचें मूल, अंगांत ताप. नवऱ्यानें तिच्यावर आळ घेतला होता. रात्रीं वडीलधारीं मंडळी माजघरांत बसली. काकांनीं मला विचारलें, "तूं शिकलेला. तुझें काय मत?" वाचकहो, पांचव्या अंकांत रडत पाठीमागून येणाऱ्या शकुंतलेला शार्ङ्गरव दरडावतो, कीं तूं शुद्ध असशील तर पतीच्या घरीं दास्यहि तुला योग्यच आहे. तो श्लोक मीं त्या बैठकींत म्हटला. अर्थ सांगण्याचीहि गरज पडली नाहीं. सर्वांनीं माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस. टी. गाडीनें मींच तिला पोंचवावयास गेलों. वाटभर तिनें माझा हात धरला होता. तो असाच उष्ण होता. पुढच्या रविवारीं मीं मुलांना पांचवा अंक शिकविला आणि माझा कंठ नेहमींसारखा दाटून आला.

दुष्यंताला निदान दुर्वासाचा शाप होता. आम्हां शार्ङ्गरवांना कोणता शाप होता? आणि कालिदासानें शकुंतलेला उचलून नेण्यासाठीं आकाशांतून एक ज्योति पाठविली. आमच्या बहिणीसाठीं तशी कोणी आली नाहीं. तिनें तेथेंच दिवस काढले आणि मुलाला वाढविलें.

ह्यांत कालिदासाचा दोष नाहीं. आणि गट्याला दोष देणारा मी कोण? काव्यानें मन मऊ होतें हें मी आजहि मानतों. पण मऊ झालेलें मन न्यायाला उभें राहतेंच असें नाहीं. तें निराळें शिकावें लागतें, आणि तें मीं शिकविलें नाहीं, कारण मलाच तें येत नव्हतें.

परत आल्यावर मी बहिणीकडे गेलों. आतां ती मुलाजवळ असते. तिनें चहा करून दिला आणि विचारलें, "दादा, तिकडे काय काय पाहिलेंस?" मीं ग्रंथालयाचें सांगितलें, बागेचें सांगितलें, डोंगराचेंहि सांगितलें. मग पुष्कळ वेळ थांबून म्हणालों, "त्या रात्रीं मीं तो श्लोक म्हणावयास नको होता."

ती खालीं पाहत बशी पुसत राहिली. शेवटीं म्हणाली, "मला संस्कृत कुठें येतें, दादा? मला वाटलें, तूं माझ्या बाजूनें कांहीं म्हणतो आहेस."