उशीर

काही शब्दांचा अर्थ ते कोणाच्या बाबतीत वापरले जातात यावर ठरतो. 'उशीर' हा त्यांपैकी एक. साहेबांना उशीर होतो तेव्हा ते कामात असतात. वडिलांना घरी यायला उशीर होतो तेव्हा त्यांचे पान झाकून ठेवले जाते. आईला मुलाच्या शाळेत पोहोचायला उशीर झाला, की मात्र तो वेळेचा हिशेब राहत नाही. तो तिच्या आईपणाचा हिशेब होतो. दुसऱ्या कोणी तो मांडला नाही, तरी ती स्वतः मांडतेच.

बंगळूरच्या मल्लेश्वरमात संसार थाटलेल्या मराठी नोकरदार स्त्रीला हा हिशेब रोजच्या परिचयाचा आहे. १८९८च्या प्लेगनंतर गजबजलेल्या पेठांपासून दूर, मोकळ्या हवेत राहता यावे म्हणून ही वस्ती वाढली. तिच्या दोन समांतर रस्त्यांना झाडांची नावे मिळाली: संपिगे म्हणजे चाफा, मारगोसा म्हणजे कडुलिंब. जुन्या घरांना पुढे 'जगली' असे; आपल्याकडे तिला ओटा म्हणतील. शाळा सुटल्यावर मूल रस्त्याने चालत येई आणि जगलीवर बसलेली कोणी ना कोणी आजी, स्वतःची नसली तरी शेजारची, त्याला दुरून पाही. मुलाला 'आणायला' जावे लागे असे नव्हे. ते येतच असे. आता त्यांतील बरीच घरे पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या आहेत, रस्ता ओलांडणे मोठ्यांनाही जिकिरीचे झाले आहे आणि मराठी घरातली आजी सांगलीला नाही तर बेळगावला आहे. जगलीचे काम आता एकट्या आईच्या घड्याळावर येऊन पडले आहे.

ते घड्याळ तिच्या ताब्यात नसते. कचेरीतून निघता निघता कोणी तरी 'दोनच मिनिटे' म्हणून थांबवते, बस मिळते तर चौकात अडकते. पाच मिनिटे उशीर झाला तर ती स्वतःला समजावते. दहा झाली की मनात वाक्ये जुळवू लागते. वीस झाली की वाक्येही सुचत नाहीत. फाटकाशी पोहोचते तेव्हा मैदान रिकामे असते आणि पायरीवर दप्तर मांडीवर घेतलेले एकच मूल आयाबाईंच्या शेजारी बसलेले असते. त्या त्याला मघापासून एकच सांगत असतात : "अम्मा बर्तारे." कन्नडातील हे क्रियापद मोठे दयाळू आहे. आई येत आहे आणि आई येईल, हे दोन्ही अर्थ त्यात सामावतात. वर्तमान आणि भविष्य यांच्यात भिंत नाही. मराठीत मात्र 'येते' आणि 'येईल' यांच्यामध्ये जी जागा उरते, तिथेच आईचा अपराधीपणा घर करून राहतो.

मूल रडले तर तिला वाईट वाटते. रडले नाही तर अधिक वाईट वाटते, कारण मग त्याला याची सवय झाली असे ठरते. ती बेकरीत थांबून त्याला आवडीचे काही घेऊन देते आणि पैसे मोजताना तिला कळते, की हा खाऊ नव्हे, दंड आहे. रात्री ते झोपल्यावर ती त्याच्या केसांवरून हात फिरवते, तोही जरा जास्त वेळ.

दूर राहणाऱ्या पालकांकडे पाहण्याची इतिहासाची दृष्टी मात्र सर्वांसाठी सारखी नाही. मल्लेश्वरमला नाव देणाऱ्या काडू मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजी ऊर्फ एकोजी भोसल्यांचे नाव जोडलेले आहे; देवाला गाव इनाम दिल्याचा त्यांचा शिलालेख १६६९ सालचा आहे. त्यांचे वडील शहाजीराजे चाकरीनिमित्त बंगळुरात राहिले आणि बाल शिवाजी जिजाबाईंपाशी पुण्यात वाढले. त्या अंतराला कोणी अपराध म्हटले नाही आणि तसे म्हणण्याचे कारणही नाही. पण तीच चाकरी आईने केली, तर वीस मिनिटांचे अंतरही मोजले जाते.

येथून जवळच, १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत, १९३३ साली कमला भागवत ही मुंबईची तरुणी संशोधनासाठी आली. ती मुलगी आहे म्हणून संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आधी नकार दिला. तिने हट्ट धरला, तेव्हा एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश दिला. वर्ष सरल्यावर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्यांनी इतर मुलींनाही प्रवेश दिला. हीच तरुणी पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून कमला सोहोनी या नावाने ख्यातनाम झाली. रामन यांचे 'पंचवटी' हे घर मल्लेश्वरमातच आहे. त्यावरून घाईने जाणाऱ्या आजच्या स्त्रीला कोणी अट घालत नाही. तरी तिचे परीक्षाधीन वर्ष संपलेले नाही. सकाळी ती कचेरीत परीक्षेला बसते, संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी. एकीकडे उत्तीर्ण व्हायचे, तर दुसरीकडे नापास होणे ओघाने येते.

कायद्याने तिचा विचार केला नाही असे नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाने पाळणाघराची तरतूद केली. ज्या कारखान्यांत पन्नासाहून अधिक आणि १९७६च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक स्त्रिया कामाला असत, त्यांना ते बंधनकारक होते. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांनाही पाळणाघर आवश्यक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. पण कारखाने अधिनियमातले मूल सहा वर्षांचे झाले, की पाळणाघराच्या बाहेर पडे. शाळा दुपारी किंवा तिसऱ्या प्रहरी सुटते, कचेरी सायंकाळी. मधले तास कोणाचे, हे कोणी ठरवलेले नाही. जे कोणाचेच नाही ते घरात आईचे होते. म्हणून तिला जो स्वतःचा दोष वाटतो, तो पुष्कळसा दोन वेळापत्रकांमधल्या फटीचा असतो.

हे कळले म्हणून टोचणी थांबत नाही. पायरीवरच्या मुलाला वेळापत्रकांचे काय? त्याची वाट पाहणे खरे असते आणि ते कोणत्याही युक्तिवादाने खोटे ठरत नाही. मात्र एखाद्या संध्याकाळी धापा टाकत आलेल्या आईला दिसते, की मूल आणि आयाबाई पायरीवर खडे मांडून खेळत आहेत. ते धावत येत नाही, हात वर करून म्हणते, "थांब ना आई, माझा डाव राहिलाय." तिला हायसे वाटते आणि त्याच क्षणी कुठे तरी लागतेही. आपल्यावाचून याचे अडते, या दुःखात आपल्यावाचून याचे अडावे ही इच्छाही दडून बसली होती, हे तिला तेव्हा उमगते. मग ती पर्स बाजूला ठेवून खालच्या पायरीवर बसते. त्या दिवशी वाट पाहायची पाळी तिची असते.