सामी सुताराचे दार

गेल्या जून महिन्यात आमच्या घरात एका गोष्टीवरून फार वाद झाला. भाचीने दहावीनंतर चित्रकलेच्या शिक्षणाला जाण्याचा हट्ट धरला. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा ती चांगल्या श्रेणीत पास झालेली. पण त्या परीक्षा म्हणजे दहावीला चार गुण वाढवून घेण्याची सोय, एवढेच आपल्याकडे समजतात. माझा थोरला भाऊ फर्निचरच्या कारखान्यात सुतार आहे. तो म्हणाला, "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? कला म्हणजे पोटभरल्या लोकांची हौस." वहिनी गप्प. मी आत्या, मध्ये पडले तर दोन्हीकडून बोलणी खाणार. म्हणून म्हटले, दादा, वाद राहू दे. रविवारी सगळे कार्ल्याला जाऊन येऊ.

सकाळच्या गाडीने लोणावळा आणि तेथून पुण्याकडची लोकल धरून मळवली. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. रिक्षाने जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी आलो. पहिला पाऊस पडून गेलेला. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नारळ, ओट्या, बांगड्या, चिक्कीची दुकाने. एकवीरा देवीचे देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे, आणि गर्दी सारी तिकडेच. यावर आपल्या पत्रांतून पुष्कळ लिहून झाले आहे. मला आज दुसरेच सांगायचे आहे.

देवळाला वळसा घालून आम्ही लेण्यासमोर आलो आणि दादा एकदम थांबला. दर्शनी भिंतीवरच्या पिंपळपानासारख्या भल्या मोठ्या कमानीकडे बघत म्हणाला, "अगं, ही तर आपल्या विहाराची कमान!"

खरेच होते. काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहाराच्या फाटकावर दादाने प्लायवूडची कमान कापून बसवली होती. मंडळाच्या एका पोराने कॅलेंडरावरचे चित्र आणून दिले, त्यावरून. आपल्या किती वस्त्यांत अशा कमानी उभ्या राहतात. पूर्वी थर्माकोलच्या असत, आता पुठ्ठ्याच्या असतात. ती कापणाऱ्या हातांना मूळ कमान कुठली हे माहीत असतेच असे नाही.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागला. मग ते चैत्यगृह हळूहळू दिसू लागले. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची ४५ फुटांच्या आसपास. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आणि टोकाला स्तूप. स्तूपामागचे सात खांब अगदी साधे, अष्टकोनी. बाकीच्यांना खाली घडा, वर उपड्या कमळासारखी घंटा, आणि त्याहून वर हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. ही घंटा अशोकाच्या स्तंभांवर आहे आणि तिचे नाते अभ्यासक इराणमधल्या पर्सेपोलिसच्या खांबांशीही लावतात.

दादाचे लक्ष मात्र खांबांकडे नव्हते. तो मान वर करून छताकडे बघत होता. छताला लाकडी वासे आहेत, बाक दिलेले, एकामागून एक, थेट स्तूपापर्यंत. दोन हजार वर्षांच्या आसपासचे जुने सागवान. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. बराच वेळाने तो म्हणाला, "हे छत खडकाचं. खडकाला वाशांचा आधार कशाला?"

लेण्यांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांचा एक गट त्या दिवशी आला होता. त्यातल्या ब्राह्मी लिपी शिकलेल्या एका मुलाने दादाचे बोलणे ऐकले. म्हणाला, "काका, बरोबर ओळखलंत. आधाराला नाहीतच ते." आधी चैत्यगृहे लाकडाची बांधत. वासे वाकवून छप्पर करायचे, म्हणून तशी कमान यायची. पुढे डोंगर कोरू लागले, तेव्हा वाशांची गरज संपली. पण लोकांच्या मनात चैत्य म्हणजे तोच आकार होता. म्हणून कोरलेल्या खडकाला खरे लाकडी वासे बसवले. आणखी काही शतकांनी अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत वासेसुद्धा दगडातच कोरले. लाकडातून दगडात गेलेला तो आकार दादाने प्लायवूडमध्ये आणला होता!

त्या मुलाने मग आम्हाला नावे दाखवली. खांबांवर, भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत, त्या काळच्या प्राकृत बोलीत कोरलेली आहेत. आपल्याला शाळेत लेणी म्हटले की राजे शिकवतात: सातवाहन, क्षत्रप. राजांची दानेही कार्ल्याला आहेत, नाही असे नाही. नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंसाठी गाव दिल्याचा लेख आहे. पण खांब पाहावेत तर एक सोपाऱ्याच्या भिक्खूचा. सातिमित त्यांचे नाव, सुत्तांचे पठण करणारे; आणि त्यांच्या खांबात धातू ठेवलेले होते. आज नालासोपाऱ्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा खांब मुद्दाम शोधावा. कोडी नावाच्या भिक्खुणीने, घुणिकाच्या आईने, कठडा दिला; तो करणाऱ्या नंदिकाचे नावही तिच्या नावाबरोबर आहे. एक दान धेनुकाकट गावच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे. वैजयंतीच्या भूतपाल शेठने तर हे सारे पुरे केल्याचे सांगून, जंबुद्वीपात याहून सरस नाही अशी बढाईही मारून ठेवली आहे. मारू दे, खोटी वाटत नाही.

आणि यवन! कित्येक खांब यवनांचे आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही तेच नाव. भाची म्हणाली, "आत्या, मग त्यांचे खांब वेगळे का दिसत नाहीत?" मला उत्तर सुचले नाही. ग्रीकांच्या देवळांचे खांब जगप्रसिद्ध आहेत. मनात आणते तर आपल्याकडचा एखादा खांब त्यांनी इथे उभा केला असता. केला नाही. शेजाऱ्याच्या रांगेतलाच, त्याच घडणीचा खांब दिला आणि खाली नाव कोरले. ती नावेसुद्धा इथलीच: धम्म, सिंहध्वज. परक्या देशातली कला आपली म्हणायची म्हणजे काय, याचा एवढा साधा पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दर्शनी भिंतीशी परत आल्यावर त्या मुलाने एक लेख वाचला. वेणुवासाचा मुलगा सामी, धेनुकाकटचा 'वढकी', याने दर्शनी दार केले. वढकी म्हणजे सुतार. हिंदीतला बढई त्यातूनच आला.

"सुतार? नाव कोरलंय त्याचं?" दादाने विचारले. मुलाने पुन्हा एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवले. दादा काही बोलला नाही. दाराच्या चौकटीवरून तळहात फिरवत राहिला, कारखान्यात रंधा मारल्यावर फळी तपासतो तसा. मग मला म्हणाला, "तीस वर्षं दारं करतोय. दारावर पाटी लागते ती राहणाऱ्याची."

त्याच भिंतीवर बुद्धमूर्ती आहेत. त्या चार-पाचशे वर्षांनी, आधीचे कोरीवकाम छाटून केलेल्या. मूळ लेणे घडले तेव्हा वंदनेला स्तूप पुरेसा होता. पुढच्या पिढ्यांना बुद्धाचा चेहरा हवासा वाटला. पुष्कळ लोक त्या मूर्तींना हात जोडून, फोटो काढून तसेच परत जातात. आत जाऊन खांब पाहात नाहीत याचे वाईट वाटते.

भाची तोवर व्हरांड्यात बसून कमानीचे चित्र काढत होती. दादा मागे जाऊन उभा राहिला. वाटले, आता बोलणार. बोलला ते असे: "बाक चुकलाय. वासा इतका वळवलास तर तडकेल." तिने खोडले. पुन्हा काढले. त्याने पुन्हा चूक काढली. वहिनी डबा उघडून बसली होती, भाकऱ्या गार होत होत्या, पण दोघांपैकी कुणी उठेना.

परतताना लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. दादाने तिची वही मागून घेतली, पेन्सिलीला तोंडाने फुंकर मारली आणि कमानीच्या खालच्या टोकाचा वळसा स्वतः काढू लागला. "आपल्या फाटकावरची कमान साफ चुकली," तो म्हणाला. "धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत नवी करायची. कापतो मी. नक्षा तू काढायचा, मोजमापासकट." मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "त्या कॉलेजचा अर्ज भरायची तारीख काय म्हणालीस?"