सर्व्ह हातात असेल तरच

प्रिय साइड-आउट गुणपद्धती,



"खेळ दोन संध्याकाळींत जमला, स्कोअर काही अजून जमत नाही." पिकलबॉलच्या कोर्टाबाहेर पाळीची वाट बघत बसलेल्यांकडून हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. पाठोपाठ दुसरं येतं: "रॅली जिंकेल त्याला पॉइंट द्या आणि मोकळे व्हा." तुझी ओळख नीट होण्याआधीच तुला घालवायची भाषा सुरू झाली आहे आणि मला ते मनापासून खटकतं. म्हणून हे पत्र. लिहिते आहे तुला, पण चार लोकांनी वाचावं म्हणून उघडं ठेवते आहे.

तुझा मूळ नियम एका ओळीत मावतो: सर्व्ह ज्यांच्याकडे, गुण त्यांनाच. सर्व्ह करणाऱ्यांनी रॅली जिंकली तर त्यांना एक गुण. समोरच्यांनी जिंकली तर त्यांना गुण नाही, फक्त सर्व्ह करणाऱ्यांची ती सर्व्ह गेली. मराठी शाळेच्या मैदानावर वाढलेल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही. पारंपरिक खो-खोत गुण मिळवतो तो पाठलाग करणारा संघ. पळणारा कितीही चपळ असला तरी त्याच्या हाती फक्त वेळ काढणं असतं. गुण हवे असतील तर आपली पाळी यावी लागते. अकरा गुणांचा गेम आणि जिंकायला दोनचा फरक हवा, म्हणजे १०-१० झाले की १२-१० किंवा त्याच्या पुढे. सिंगल्समध्ये तर तू अगदीच सरळ आहेस. दोन आकडे, आपला गुण सम असेल तर उजवीकडून सर्व्ह, विषम असेल तर डावीकडून.

लोक अडखळतात ते डबल्समध्ये, आणि तिथेही तिसऱ्या आकड्यावर. आमच्या कोर्टावरच्या एक काकू सर्व्हला उभ्या राहतात. बॉल डाव्या हातात, पॅडल खाली. "पाच... तीन..." म्हणतात आणि मान वळवून पार्टनरला विचारतात, "अहो, मी एक की दोन?" काका म्हणतात, "दोन. आत्ता माझी गेली ना!" काका बरोबर सांगतात, आणि तिसऱ्या आकड्याचा सगळा अर्थ त्यांच्या त्या एका वाक्यात आहे. पहिला आकडा आपला, दुसरा समोरच्यांचा, आणि तिसरा सांगतो की या पाळीतली पहिली सर्व्ह अजून शाबूत आहे की गेली. 'एक' म्हटलं की अजून एक सर्व्हर शिल्लक आहे. 'दोन' म्हटलं की आता रॅली हरलो तर साइड आउट, बॉल जाळीपलीकडे. याहून जास्त त्यात काही नाही.

घोळ होतो तो 'एक' आणि 'दोन' ही माणसांची नावं आहेत असं समजल्यामुळे. गेमच्या सुरुवातीला कोणीतरी सांगितलेलं असतं, "तू दोन नंबर," आणि तो बिचारा शेवटपर्यंत स्वतःला दोन समजत राहतो. आकडा माणसाचा नसतो, पाळीचा असतो. पाळी आपल्याकडे आली की त्या क्षणी जो उजवीकडे उभा असेल तो एक, त्याचा जोडीदार दोन. पाळी गेली की आकडे पुसले गेले. पुढच्या पाळीला पुन्हा नव्यानं बघायचं की उजवीकडे कोण आहे.

एक गेम सुरुवातीपासून बघू. आपण सर्व्ह करतो आहोत, मी उजवीकडे, तू म्हणशील तसं पुकारते, "शून्य-शून्य-दोन." पहिल्याच पाळीला 'दोन' का, ते पुढे सांगते. रॅली जिंकली. आपला एक गुण झाला, मी आणि जोडीदारानं जागा बदलल्या, आता मी डावीकडून सर्व्ह करते, "एक-शून्य-दोन." समोरचे जागचे हलत नाहीत, त्यांना गुण मिळालेला नाही. ही रॅली हरलो. साइड आउट. पलीकडे जो उजवीकडे आहे तो पुकारतो, "शून्य-एक-एक." तो जिंकला तर "एक-एक-एक", आणि तो डावीकडे गेला. मग हरला, तर सर्व्ह त्याच्या जोडीदाराकडे. तो जोडीदार एव्हाना उजवीकडे आलेला आहे, तो तिथूनच "एक-एक-दोन" पुकारतो. तोही हरला, बॉल परत आपल्याकडे. आता आपल्यात उजवीकडे कोण आहे? मी नाही, माझा जोडीदार. म्हणून या वेळी पहिला सर्व्हर तो, आणि मघाशी सर्व्ह केलेली मी दुसरी. गेमची पहिली सर्व्ह मी केली होती हे त्याच्या आड येत नाही.

या जागा बदलण्यातच तुझी सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, आणि ती नव्या खेळाडूंना कोणी सांगत नाही. जोडीचा गुण सम असेल तेव्हा गेमच्या सुरुवातीला उजवीकडे उभा असलेला खेळाडू उजवीकडेच सापडतो, विषम असेल तेव्हा डावीकडे. सर्व्ह कोणाकडेही असो. म्हणजे स्कोअर नुसता तोंडात नसतो, कोर्टावरच्या पावलांतही असतो. परवा सहा की सात यावर वाद पेटला होता. चौघांना चार वेगवेगळ्या रॅली आठवत होत्या. मी काकूंना विचारलं, "गेम सुरू झाला तेव्हा उजवीकडे कोण होतं?" "मी." "आत्ता कुठे उभ्या आहात?" "डावीकडे." मग सहा नाहीत, सात. वाद मिटला आणि सगळे परत बेसलाइनवर गेले. स्पर्धांमध्ये पहिली सर्व्ह करणाऱ्याच्या मनगटावर ओळखीची पट्टी असते ती याचसाठी. पट्टी कुठे उभी आहे ते पाहून रेफरीला गुण सम आहेत की विषम ते कळतं. जिथे पंच नाही, फलक नाही, चार शेजारी आपापल्या भरवशावर खेळतात, तिथे स्वतःची अशी पडताळणी सोबत घेऊन येणारी गुणपद्धत केवढी मोलाची आहे!

पुकारण्याचंही तसंच. सर्व्हच्या आधी पूर्ण स्कोअर मोठ्यानं म्हणायचा, आणि म्हटल्यापासून दहा सेकंदांत सर्व्ह करायची, हा नियम आहे. पुष्कळ जण तो पुटपुटतात किंवा बॉल मारता मारता म्हणतात. तसं करू नये. पुकारलेला स्कोअर म्हणजे चौघांत झालेला करार असतो. पटत नसेल तर तिथल्या तिथे थांबवून विचारता येतं. तीन रॅली उलटल्यावर कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

आता ते सुरुवातीचं 'दोन'. गेमच्या पहिल्या पाळीला तू दोन सर्व्हर देत नाहीस, एकच देतेस, म्हणून 'शून्य-शून्य-दोन'. पहिली सर्व्ह ज्यांना मिळाली ते गुण मिळवायची संधी आधी घेतात. त्यांना दोन्ही सर्व्ह दिल्या तर समोरच्यांना बॉल मिळेपर्यंत ते बरेच पुढे गेलेले असू शकतात. नवख्यांना हा आकडा विचित्र वाटतो. मला मात्र तुझा न्यायीपणा सगळ्यात आधी इथेच दिसला.

आणि तो तुझा आजचा नाही. १९६५ च्या उन्हाळ्यात सिअॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरच्यांना काहीतरी खेळायला द्यावं म्हणून प्रिचर्डांच्या अंगणातलं जुनं बॅडमिंटन कोर्ट वापरात आणलं, लवकरच बार्नी मॅकॅलम त्यांना येऊन मिळाले आणि पिकलबॉल जन्मला. साठ इंचांवरची जाळी छत्तीस इंचांवर आली, पण कोर्ट तेच राहिलं, २० बाय ४४ फुटांचं, आणि नियम ठरवतानाही त्यांनी बॅडमिंटनचाच आधार घेतला. तुझा चेहरा तर जुन्या बॅडमिंटन डबल्सचाच आहे. गुण सर्व्ह करणाऱ्यांनाच, प्रत्येक पाळीत दोन सर्व्हर, पाळी सुरू उजवीकडून, गुण मिळाला तरच जागा बदलायची, आणि गेमच्या पहिल्या पाळीत एकच सर्व्हर. पन्नाशी ओलांडलेल्या बॅडमिंटनपटूला तू शिकवावी लागत नाहीस. तो तुला ओळखतो.

त्या बॅडमिंटनचं एक जुनं घर आमचं पुणं. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी तो खेळत, आणि पूना या नावानंही तो ओळखला जाई. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगर स्पर्धा जिंकली, तीही सर्व्ह असेल तरच गुण या नियमानं. प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात लिएम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं. त्या तिसांपैकी एकेक गुण त्यांनी स्वतःच्या सर्व्हवर कमावलेला आहे, किंगच्या सर्व्हवर जिंकलेल्या रॅलींचा त्या आकड्यांत मागमूसही नाही. रॅली पद्धतीच्या २१ गुणांच्या स्कोअरशेजारी ते आकडे ठेवताना हे लक्षात घ्यायलाच हवं. पुढे सामने किती वेळ चालतील याचा नेम नसतो, टीव्हीला ते परवडत नाही, अशा कारणांनी व्हॉलीबॉलनं नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तुझी वाट सोडली आणि २००६ मध्ये बॅडमिंटननंही. आणि ज्या वर्षांत तू तिथून बाहेर पडलीस त्याच सुमारास सुनील वालावलकर कॅनडात पाहिलेला पिकलबॉल मुंबईत रुजवायची खटपट करत होते. २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. एका दारानं गेलेली तू दुसऱ्या दारानं आमच्याकडे परत आलीस, याचा मला फार आनंद आहे.

पण जुनी म्हणून तुझा कैवार घेत नाही. पिकलबॉलला तू बॅडमिंटनपेक्षाही जास्त शोभतेस, आणि त्याचं कारण दोन टप्प्यांचा नियम. सर्व्ह टप्पा पडल्यावरच परतवायची, आणि परत आलेला बॉल सर्व्ह करणाऱ्यांनीही टप्पा पडू देऊनच मारायचा. म्हणजे रिटर्न करणारा रिटर्न मारून थेट किचनच्या, म्हणजे जाळीलगतच्या पट्ट्याच्या, रेषेवर येऊन उभा राहू शकतो. त्याचा जोडीदार आधीच तिथे आहे. सर्व्ह करणारे दोघे मात्र मागे बेसलाइनवर अडकलेले, त्यांना तिसरा फटका समोर उभ्या भिंतीला चुकवून किचनमध्ये अलगद टाकायचा, आणि मग पायपीट करत पुढे यायचं. टेनिसमध्ये सर्व्ह हे हत्यार असतं. इथे सर्व्ह करणारा मुळातच मागे असतो. आणि गुण तू देतेस तो त्यालाच, अवघड जागेवरून वर आलेल्याला! जागेचा फायदा असलेल्यानं रॅली जिंकली तर त्याला तू फक्त पाळी देतेस, म्हणतेस, आता तू मागे जा आणि जिंकून दाखव. तिसऱ्या फटक्याचा ड्रॉप हा या खेळाचा कणा आहे असं अनेक प्रशिक्षक सांगतात. तो कणा ताठ ठेवणारी तूच आहेस, कारण तो फटका न शिकता तुझ्याकडून अकरा गुण घेणं फार कठीण.

शिवाय सर्व्ह हातात असताना चूक झाली तर तू सर्व्ह घेतेस, गुण समोरच्यांच्या खात्यात टाकत नाहीस. त्यामुळे शिकणारा माणूस तो ड्रॉप मारून बघायला धजावतो. आणि १०-२ ला कोणी पॅडल पिशवीत टाकत नाही. दहावर असलेल्यांना शेवटचा गुण स्वतःच्या सर्व्हवरच घ्यावा लागतो, तोवर मागे पडलेल्यांना आपली पाळी कितीही लांबवता येते.

रॅली स्कोअरिंगवाल्यांची बाजू मला कळते. मेजर लीग पिकलबॉलनं २१ गुणांचे रॅली गेम खेळवून पाहिले, सांघिक सामन्याला वेळेचं गणित लागतं. अमेरिकेच्या नियमावलीनंही २०२५ मध्ये त्याला तात्पुरता पर्याय म्हणून जागा दिली. दहा जोड्या आणि एकच कोर्ट असेल, दिवे दहाला बंद होणार असतील, तर खुशाल रॅली स्कोअर लावा, माझी हरकत नाही. तुझ्या गेममध्ये सलग पाच साइड आउट होऊन स्कोअर जागचा हलत नाही असंही घडतं, आणि बाहेर बसलेल्यांचा जीव मेटाकुटीला येतो, हे खरं आहे. पण 'लोकांना समजत नाही' हे कारण मला मान्य नाही. तुला समजावतात उलट्या क्रमानं. आधी तीन आकडे घोकायला लावतात, मग नियम सांगतात. त्याऐवजी पहिल्या दिवशी सिंगल्स खेळवावं, दोन आकड्यांवर. सम-विषम पायांत बसलं की डबल्सला उभं करावं आणि तिसऱ्या आकड्याच्या जागी चक्क "अजून एक आहे" किंवा "ही शेवटची" असं म्हणायला लावावं. एक-दोन गेम झाले की माणसं आपणहून "एक", "दोन" म्हणायला लागतात. आमच्या कोर्टावर मी असंच शिकवते. काकूही आता मान न वळवता पुकारतात, आणि मागच्या आठवड्यात नव्यानं आलेल्या एका मुलाला त्याच समजावत होत्या की तू आत्ता दोन असलास तरी पुढच्या पाळीला एक होऊ शकतोस, आधी उजवीकडे कोण आहे ते बघ.

तेव्हा इतक्यात कुठे जाऊ नकोस. लोभ आहेच, वाढावा ही विनंती.

तुझी,
पुण्यातली एक जुनी बॅडमिंटनपटू